वाढलेल्या बांगड्या

'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे वाक्य कुठे दिसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पुण्यात राहून हा आजार परवडत नाही. लिफ्ट बंद असो, रस्ता खोदलेला असो, नळाला पाणी नसो, हीच पाटी. पाटीचा काही दोष नाही म्हणा. दोष कोणाचा, तेच सांगायला बसले आहे.

बांगड्यांच्या एका कंपनीत मी सहा वर्षं काम केलं. कंपनी कसली, पेठेतलं दुकानच ते. मालकांनी ऑनलाइन विक्री सुरू केली आणि बाणेरला एक चकचकीत ऑफिस घेतलं, एवढंच. धायरीहून तिथं पोचेपर्यंत माणसाचा अर्धा दिवस रस्त्यावरच जातो, तरी मी आनंदाने जायचे, कारण काम माझ्या आवडीचं होतं. कंपनीच्या पानावर बांगड्यांचे फोटो पडायचे, खाली बायका कमेंट लिहायच्या आणि मी त्यांना उत्तरं द्यायची. कोणाला माप कळायचं नाही, कोणाला लेकीच्या डोहाळजेवणासाठी हिरव्याच हव्या असायच्या. मी उत्तराखाली 'ताई' अशी सही करायचे. तसं मला कोणी सांगितलं नव्हतं, आपलं असंच सुरू झालं.

लोणी काळभोरच्या एक काकू होत्या. प्रत्येक फोटोखाली त्यांची कमेंट ठरलेली, 'नमस्कार ताई, लोणी काळभोरहून.' मग पुढे काहीही. आज गवार चांगली आली, नातीचा दात पडला, ह्या लाल बांगड्या छान हायेत पण माझ्या हाताला शोभायच्या न्हाईत. त्या फोनशी बोलायच्या आणि फोन ते लिहायचा, म्हणून त्यांचं लिहिणं अगदी बोलण्यासारखं होतं. वर्षातून दोनदा त्या डझनभर बांगड्या मागवायच्या, बाकी वेळ नुसत्या गप्पा. मॅनेजर म्हणायचा, 'मॅडम, ह्या काकूंवर तुमचा फार टाइम जातो.' जातो तर जातो! माझा वेळ, माझ्या काकू.

मग ती सिस्टीम आली. मॅनेजर तिशीतला, बोलण्यात तरबेज. त्याने आम्हाला पडद्यावर सगळं दाखवलं. कमेंट आली की मशीन ती वाचणार, बाई खूश आहे की नाराज ते ओळखणार आणि तीन सेकंदांत उत्तर टाकणार. 'जेवायला जात नाही, रजा घेत नाही, मूड खराब होत नाही,' असं म्हणताना तो माझ्या डब्याकडे बघत होता. मी डब्याचं झाकण लावलं. 'आणि सही?' मी विचारलं. 'ताईच ठेवू ना. कस्टमरला तो टच आवडतो,' तो म्हणाला. माझी सहा वर्षांची सही म्हणजे त्याच्या लेखी टच!

तेव्हाच उठून जायला हवं होतं. गेले नाही. उलट मशीनला मराठी शिकवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मला त्याचा चक्क अभिमान वाटला. तीन रकाने करायचे होते, खूश, नाराज आणि काळजी. प्रत्येकात शब्द भरायचे, प्रत्येकाखाली उत्तरं लिहायची. आठ दिवस मी मान मोडून ते केलं. काळजीच्या रकान्यात आजारी, दवाखाना, बरं नाही, ऑपरेशन असे शब्द घातले आणि त्याखाली माझ्या मते फार मायेची उत्तरं लिहिली. 'काळजी घ्या हं. तुम्ही स्वतः वेळेवर जेवा, तुम्ही धड असाल तर घर धड.' ही उत्तरं वाचून मॅनेजरसुद्धा म्हणाला, 'वॉव मॅडम, टची.'

नाराजच्या रकान्यात तुट, फुट, फोड, चिर असे तुकडे टाकले. सिस्टीम बसवायला आलेला माणूस म्हणाला होता की पूर्ण शब्द देऊ नका, मुळाचा तुकडा द्या, मशीन बाकीचं जुळवून घेतं. खूशच्या रकान्यात मला वाढदिवस घालायचा होता, कारण बायका वाढदिवसालाच सगळ्यात जास्त बांगड्या घेतात. वाढदिवसाला, वाढदिवशी, वाढदिवसाची, किती रूपं लिहिणार? मी नुसतं 'वाढ' लिहिलं आणि पुढे गेले.

आता ह्याला काय म्हणावं! मी मराठी बाई, काम बांगड्यांचं, आणि हे माझ्या लक्षात येऊ नये? लहानपणी नळावर भांडी घासताना माझी बांगडी गेली तेव्हा मी ओरडले होते, 'आई, बांगडी फुटली!' आईने ओल्या हातानेच पाठीत धपाटा घातला. 'फुटली नाही म्हणू गं. वाढली म्हण.' बांगडी फुटणं अभद्र, म्हणून ती वाढते. आमच्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा अशा कितीतरी गोष्टी घरातून गेल्या. बाबा वारले तेव्हा आईच्या हाताला कोणी बोट लावलं नाही, तिच्या बांगड्या तिच्या हातात राहिल्या. पण बांगडी तडकली की ती अजूनही 'वाढली'च म्हणते. आणि आईचं कशाला, आमचे मालक बाणेरच्या ऑफिसातही रोज संध्याकाळी कुलूप हातात घेऊन म्हणायचे, 'चला, दुकान वाढवा.' आम्ही सगळे ऐकायचो आणि चपला घालायचो.

सिस्टीम सुरू झाली आणि मला त्या मशीनच्या समोरच्या टेबलावर बसवलं. काम काय, तर नाराज रकान्यात पडलेल्या कमेंट बघायच्या आणि आठवड्याचा रिपोर्ट करायचा. खूश बायका मला दिसतच नव्हत्या, दिसायच्या फक्त हिरव्या रेघेत; काळजीतल्या तेवढ्याही नाहीत. ती रेघ चढत होती. चार महिन्यांत इतकी चढली की मॅनेजरने केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले, खोटं कशाला बोलू.

एका सकाळी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी शेजारच्या वहिनींनी मला थांबवलं. त्यांनी फोन पुढे केला. 'अहो, तुमच्याच कंपनीचं ना हे? सगळ्या ग्रुपवर फिरतंय. तुमच्याकडे माणसं कामाला आहेत ना, की सोडलं ते?' वर हसून हसून रडणारे चेहरे, आणि खाली आमच्या पानाचा फोटो. हिरव्या चुड्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'नमस्कार ताई, लोणी काळभोरहून. आमच्या यांना जाऊन आज तेरा दिवस झाले. दहाव्याला बांगड्या वाढवल्या. आता हे फोटो बघायचे कशाला, म्हणून तुमचा निरोप घेते. तुम्ही लई धीर दिला.'

त्याखाली उत्तर होतं. 'अरे वा! अभिनंदन! हा आनंद असाच वाढत राहो! नवा हिरवा चुडा पाहिलात का? – ताई.'

मी तिथंच गेटच्या कट्ट्यावर बसले. वहिनींना वाटलं चक्कर आली. आली असती तर बरं झालं असतं. फोनवर मी पान उघडलं, कारण वहिनींकडे फक्त अर्धंच आलं होतं. काकूंनी त्या उत्तरालाही काल रात्रीच उत्तर दिलं होतं. चिडून नव्हे, समजावून. 'ताई, तुमच्या ध्यानात आलं नसंल. वाढवल्या म्हंजे फोडल्या.' साठ वर्षं जो शब्द तोंडातून काढला नसेल, तो त्या बाईने आमच्यासाठी उच्चारला. आणि मशीन तक्रारीचा शब्द आधी धरतं, त्यामुळे 'फोड' सापडल्याबरोबर माझा नाराजचा रकाना जागा झाला. 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. फुटलेल्या बांगड्यांचा स्पष्ट फोटो पाठवा, आम्ही बदलून देऊ. – ताई.'

काकूंनी फोटो पाठवला होता. वर्तमानपत्राच्या कागदावर हिरव्या काचांचे तुकडे. ताईने मागितला म्हणून पाठवला.

बाणेरला पोचेपर्यंत मी रिक्षात काय काय बोलले ते रिक्षावाल्यालाच माहीत. मॅनेजर कॉफी घेऊन उभा होता. त्याला कळलेलं होतं. 'मॅडम, टेन्शन नका घेऊ, मी डिलीट मारलंय. एक सॉरीचं टेम्प्लेट टाकू, गैरसोय झाली वगैरे.'

'गैरसोय?' मी म्हणाले. 'त्यांचा नवरा गेलाय. लिफ्ट बंद पडलेली नाही!'

'एकच कमेंट आहे हो. हजारांत एक चुकणारच. मशीन आहे ते.'

एकच कमेंट! मी खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदा खूशच्या रकान्यात उतरले. वाढ, वाढ, वाढ. 'पार्सलमधल्या बारापैकी सात वाढलेल्या निघाल्या.' अरे वा, अभिनंदन! 'डोहाळजेवणाच्या सकाळी डबा उघडला, सगळ्या वाढलेल्या, काय अपशकुन हा.' अरे वा, अभिनंदन! त्या सात बांगड्यांवाल्या बाई सदाशिव पेठेतल्या, त्यांनी पुढे लिहिलं होतं, 'आपल्या अभिनंदनाबद्दल आभारी आहे. उरलेल्या पाचही लवकरच वाढतील, अशी आशा करू या.' त्यांचंही अभिनंदन झालं होतं. चार महिने आमचे डबे पातळ पुठ्ठ्याचे येत होते, बांगड्या वाटेत फुटत होत्या, बायका शरमेने आणि संस्काराने वाढल्या म्हणत होत्या, आणि आमची हिरवी रेघ चढत होती. त्या रेघेवर आम्ही केक खाल्ला होता!

मी कोणाला न विचारता यादीतून 'वाढ' काढून टाकलं. दुपारपर्यंत रेघ धाडकन खाली आली. मॅनेजर धावत आला, 'मॅडम, काय केलंत? आज मालकांना रिपोर्ट दाखवायचाय.' मी म्हटलं, 'दाखवा की. आणि त्यांना विचारा, संध्याकाळी दुकान वाढवतात म्हणजे काय करतात.' 'वाढवतात म्हणजे मोठं करतात ना?' तो म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याच्यावर चिडून तरी काय उपयोग होता, त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

काकूंचा नंबर जुन्या पार्सलच्या नोंदीत सापडला. मी जिन्यात जाऊन फोन लावला. सहा वर्षांत त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते. बारीक, थकलेला आवाज.

'काकू, मी ताई. बांगड्यांच्या कंपनीतली.'

'ताई! बोला. फोटो मिळाला का? साफ आला न्हवता, नातीनं काढला.'

मी पायरीवर बसले. कसंबसं सांगितलं. की काकू, ते मी नव्हते. कंपनीने मशीन बसवलंय, तेच उत्तरं देतं. तुमचं बोलणं त्याला कळलं नाही. त्या शब्दाची चूकही माझीच, यादी मी केली होती. मला माफ करा.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, 'मशीन व्हतं व्हय. बरं झालं बाई. मला रातभर वाटत व्हतं, ताई अशी कशी बोलली.'

मला हलकं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. मी फोन ठेवायच्या बेतात होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, 'कधीपासनं हाय ते मशीन?'

'चार महिने झाले, काकू.'

'म्हंजे हे दवाखान्यात व्हते तवा?'

मी मनात महिने मोजले.

'मी रोज लिहायची तुम्हाला तिथनं. आज ताप उतरला न्हाई, आज दुसऱ्या खोलीत हलवलं. तुम्ही रोज म्हणायचा, तुम्ही स्वतः वेळेवर जेवा. घरात कुणी म्हणत न्हवतं, जो तो यांच्या मागं. तुम्ही म्हणायचा म्हणून मी दोन घास खायची. तेबी मशीनच व्हतं?'

'वाक्य माझं होतं, काकू,' मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

'वाक्याचं न्हाई विचारत,' काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्या खरंच विचारत होत्या. 'तुम्ही कुठं व्हता?'

मशीन होतं त्याच खोलीत मी होते. समोरच्या टेबलावर. रोज दहा ते सहा, डबा घेऊन.