याडी की येडी?

व्याकरण शिकवायची सटवाजी गुरुजींची स्वतःची एक तऱ्हा होती, आणि ती डी.एड.च्या कुठल्याही पुस्तकात सापडली नसती. बाप मेंढपाळ, लहानपण सगळं मेंढरांमागं गेलेलं. त्यामुळे तिसरीच्या वर्गात ते सांगत, "हाक मारली की जे वळून बघतं, ते नाम." ही व्याख्या ऐकून एखाद्या पंडितानं कपाळावर हात मारून घेतला असता. लेकरांना मात्र ती पटकन कळे. एकदा मधल्या सुट्टीत दोघातिघांनी दगडाला हाका मारून पाहिल्या आणि तक्रार आणली, "गुरुजी, दगड वळून बघत न्हाई." गुरुजी म्हणाले, "त्यो माजोरी हाय. पन नामच हाय."

सर्वनामासाठी त्यांना घरची बायकोच पुरे. पंचफुलाबाई नवऱ्याचं नाव जन्मात घ्यायच्या नाहीत. हे आले, हे जेवले, ह्यांना चहात साखर कमी लागते. एका सटवाजीपायी दिवसभरात केवढी सर्वनामं खर्ची पडतात, हे गुरुजी वर्गात रंगवून सांगत आणि लेकरं खिदळत.

१९९६ साली त्यांची बदली आखाडा बाळापूरजवळच्या एका तांड्यावर झाली. हिंगोली तेव्हा अजून परभणी जिल्ह्यातच होती. गुरुजींनी बाळापुरात बिऱ्हाड केलं आणि सायकलीवर जा-ये सुरू केली. तांड्यावर सगळी बंजारा कुटुंबं. लेकरं गुरुजींशी मोडकीतोडकी मराठी बोलत, घरी गोरमाटी. गुरुजींना गोरमाटीचा ओ की ठो कळत नव्हता आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. आपल्याला मराठी शिकवायची आहे, मग त्यांचं बोलणं शिकून काय करायचंय, असा त्यांचा खाक्या. पुढं ते त्याच तांड्यावर कितीतरी वर्षं रमले, गोरमाटीत थट्टामस्करीही करू लागले. पण ही अक्कल त्यांना फुकट आली नाही.

तिसरीत निता नावाची पोरगी होती. जूनपासून तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. गुरुजींनी गोंजारून पाहिलं, दटावून पाहिलं. पोरगी ढिम्म. तिच्या घरातली शाळेत आलेली ती पहिलीच मुलगी, आणि ती अशी मुकी राहिली तर एक दिवस निमूट घरी बसेल, याची गुरुजींना मनातून धास्ती होती.

पोळ्याच्या सुमारास एकदा ते वर्गात म्हणाले, "घरातलं एकेक नाम सांगा." हंडा झाला, खाट झाली, कोंबडी झाली. आणि निता उभी राहिली. कुणी न उठवता.

"याडी," ती म्हणाली.

गुरुजींना असा काही हर्ष झाला की कान जागेवर राहिले नाहीत. त्यांनी ऐकलं 'येडी'. "वा गं माझी बाय! पन येडी हे नाम न्हाई, विशेषण हाय. येडी म्हंजे डोकं फिरलेली. येडी कोंबडी, येडी बाई. कळलं?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. निता खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आठवडा सरत आला तरी आली नाही. बाकीच्या पोरांना विचारलं, तर ती एकमेकांकडं बघत आणि पाटीत डोकं खुपसत. गुरुजींना चैन पडेना. शाळा सुटल्यावर ते थेट निताच्या घरी गेले. तिची आई मिराबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं खाट टाकली, पाणी दिलं. चेहरा मात्र आंबट.

"गुरुजी, तुमी शिकलेले मानसं. लेकराच्या तोंडावर तिच्या मायला येडी म्हनायचं, हे कोनतं शिक्षन? साऱ्या तांड्यात पोरं वरडून राहिले, निताची याडी येडी, निताची याडी येडी! तिचा बाप म्हनून राहिला, बस झाली शाळा, सोमवारपासून शेळ्या राखील."

"मी? तुमाला?" गुरुजी उडालेच. "मी काहून म्हनू तसं?"

तेवढ्यात घरातून धाकट्या लेकरानं हाक मारली, "याडी!" आणि मिराबाईनं वळून बघितलं.

गुरुजी खाटेवरून उठले. "याडी म्हंजे... माय?"

"मंग दुसरं काय?"

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दाराआड निताचा घागरा दिसत होता. त्या घागऱ्याकडं बघूनच ते बोलले, "चुकलो गं बाय. याडी नामच हाय. पहिल्या नंबराचं. मी तुझा शब्द ऐकलाच न्हाई, माझाच ऐकला."

मिराबाईला सगळा घोटाळा समजला तशी ती सूप बाजूला ठेवून पोट धरून हसली. "मी सांगते तिच्या बापाला. त्याची तकलीफ न्हाई. पन पोरगी हट्टी हाय. येती का न्हाई, तिचं तिला ठाव." घागरा काही दाराबाहेर आला नाही.

सोमवारी निता आली आणि मागं भिंतीला टेकून बसली. तोंड बंद. गुरुजींना हायसं वाटलं, पण त्यांनी तिला मुद्दाम छेडलं नाही. त्यांनी फळ्यावर 'विशेषण' लिहिलं आणि वाक्यं मागितली. शेळी काळी आहे, झालं. ऊस गोड आहे, झालं.

मग निता उठली. तिनं गुरुजींकडं सरळ बघितलं.

"गुरुजी येडे हायेत."

गुरुजींनी खडू टेबलावर ठेवला. "नाम कोनतं?"

"गुरुजी."

"विशेषण?"

"येडे."

"आन् क्रियापद?"

"हायेत."

"बराबर," गुरुजी म्हणाले आणि इतके हसले की त्यांना बाहीनं डोळे पुसावे लागले. मग बाकीच्या लेकरांनीही धीर करून हसून घेतलं. निता तेवढी हसली नाही, खालीही बसली नाही. तिला अजून एक वाक्य सांगायचं होतं.