कमी पडलेले चार किलो

ब्राझीलमधल्या रेसिफीत आमच्या चढावरच्या गल्लीत जासिरा टॅपिओकाची घावनं विकायची. मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहते, म्हणून सांगते, बाई स्वभावाने फटकळ, पण हात सढळ. तिच्या दारावरून कुणी उपाशी पुढे गेलं तर तिला तो अपमान वाटायचा.

तिची एकुलती एक लेक एडिलेनी चपलांच्या दुकानात होती. अंगाने भरलेली, हसरी. एकदा बसमध्ये तिकीट काढून ती फिरत्या दांड्यांच्या फाटकातून पुढे जायला गेली आणि मध्येच अडकली. सगळी बस हसली. ड्रायव्हर म्हणाला, ताई, मागच्या दाराने चढत जा. तेव्हापासून पोरगी दुकानापर्यंत चालत जाऊ लागली, घरी बोलेनाशी झाली. जासिराच्या ते जिव्हारी लागलं.

तिने लेकीला सरकारी दवाखान्यात नेलं, पोट लहान करायच्या ऑपरेशनसाठी. डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि नियमात बसत नाही म्हणाले. अजून चार किलो हवे होते, आणि ते नाहीत हे नशीबच समजा, चाला, बेताने खा, असंही त्यांनी समजावलं. बाहेर बाकावरच्या बायकांनी मात्र दुसरंच सांगितलं. चार किलो म्हणजे काय, खाऊ घाल की! आमच्याकडे हे सर्रास चालतं, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मग जासिराने कंबर कसली. खोबरं आणि आटवलेलं दूध घातलेली घावनं, वर लोण्याचा गोळा, रात्री मक्याची खीर.

"आई, पुरे गं, जात नाही आता."

"खा मुकाट्याने. पुढे मागशील तरी मिळायचं नाही."

गल्ली हसत होती. वजन भरलं. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं आणि ऑपरेशनही झालं.

घरी आल्यावर काही दिवसांतच एडिलेनीला ताप भरला. डावा खांदा दुखायला लागला, छाती धडधडायला लागली. असं काही झालं तर लगेच घेऊन या, हे नर्सने बजावलं होतं. पण जासिराला वाटलं, आता चौकशी होणार, मुद्दाम वजन वाढवलं हे फुटणार. तिने गवती चहा पाजला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि सकाळपर्यंत थांबली. तोवर टाक्यांतून गळती होऊन पोटभर विष पसरलं होतं. पोट पुन्हा उघडावं लागलं.

पोरगी वाचली. पण ते टाके अजून भरत नाहीत. तोंडाने थेंबही नाही, पोटातल्या नळीने मोजून पातळ अन्न जातं. जासिराने तवा धुऊन उलटा घातला. जेवायला बसली की तिला रडू येतं.

परवा मी तिच्याबरोबर दवाखान्यात होते. पहिले डॉक्टर भेटले, तेव्हा तिने त्यांना सगळं सांगून टाकलं, खाऊ घातलेलं आणि ती रात्रही. डॉक्टर भला माणूस. लवकर आला असतात तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाले. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी समजूत घातली की गळती कितीही काळजी घेतली तरी शंभरात एखादीला होतेच, मनाला लावून घेऊ नका.

जासिराने डोळे पुसले नाहीत.

"होत असेल हो, शंभरात एखादीला. पण माझी पोर त्या शंभरात नव्हतीच. तुम्ही तिला परत पाठवली होतीत, डॉक्टर. मी नेऊन बसवली."