बारके आकडे

काल पिंपळवंडीला वहिनीने ट्रंक उघडली, आणि डांबरगोळ्यांच्या वासासोबत तो समुद्राचा नकाशा वर आला. कापडासारखा जाड कागद, त्यावर पेन्सिलीच्या पुसट रेघा. दादा मालवाहू जहाजावर होता. तिथून बाद झालेला हा नकाशा त्याने घरी आणला, तेव्हा पाण्यावर छापलेले आकडे म्हणजे समुद्राची खोली, हे त्याने मला नीट समजावलं होतं.

तो परत गेल्यावर वहिनीने विचारलं, "वन्सं, हे आकडे कसले वो?"

"तिथं तेवढी माणसं बुडाली," मी म्हणाले. मला गंमत वाटली.

तेव्हापासून ती रोज अंघोळ झाली की एखादा बारका आकडा शोधायची, त्यावर कुंकवाचं बोट टेकवायची आणि पुटपुटायची, "आज हितनंच जाऊ दे त्यांना." मी दाराआड तोंडात ओढणी कोंबून हसायचे.

दिवाळीला दादा आला. ते कुंकू बघून आणि त्यामागचं कारण ऐकून त्याला हसू आवरेना. "अगं येडे, बारका आकडा म्हंजी उथळ पाणी. तिथंच जहाज रुततं!"

सगळं घर हसलं. वहिनी तेवढी माझ्याकडे बघत राहिली. "वन्सं, तुमाला ठावं व्हतं?"

"न्हाई," मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात माझा मुलगा पहिल्यांदाच जहाजावर चाललाय. काल वहिनीने नकाशाची घडी घालून माझ्या हातात ठेवली.

"न्या वन्सं," ती म्हणाली. "बारके आकडे अजून लई उरल्यात."