इंजनाच्या गळ्यातला हार

आमचे बाबा डिझेल इंजनाचे कट्टर. विहिरीवर सोलर बसवायचं मी काढलं, तेव्हा ते भडकलेच. "आपल्या समुद्रात तेल निघून राहिलं, आपल्याच देशाचं. मग ह्या काचा काहून पाहिजेत?"

मीही त्यांचीच लेक. मी म्हणाले, "तेल समुद्रात निघतं बाबा, अन् कॅन घेऊन पंपावर तुमी उभे राहता. ऊन तर आपल्या वावरातच पडतं." शेवटी विहिरीवर सोलरच्या प्लेटा बसल्या.

खंडेनवमीला आमच्याकडे शेतातल्या अवजारांची पूजा होते. यंदा बाबांनी इंजनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. झेंडूचा जाडजूड हार त्यांनी प्लेटांवर आडवा सोडला, हळदीकुंकवाची बोटं ओढली आणि हात जोडले. तेवढ्यात हळदीच्या वाफ्यात पडणारी पाण्याची धार बारीक झाली.

"बाबा, हाराची सावली पडली!" मी ओरडले.

त्यांनी हार उचलला आणि धोतराच्या सोग्यानं काच लख्ख पुसली. धार पुन्हा मनगटाएवढी झाली. बांधावरचा शेजारी हसला, "पूजेचाच हार काढला की गा!"

बाबांनी तो हार कोपऱ्यातल्या इंजनाला घातला आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हार रिटायर झालेल्याला घालतात. काम करणाऱ्याच्या उन्हाआड यायचं नाही."