तुडीलच्या चाचांचा रोजा

मूत्रपिंड बदलून घेतल्यावर माझं तोंड भाकरीसारखं फुगलं. गोळ्यांचा प्रताप. महाडात जो तो म्हणे, मास्तर, तब्येत सुधारली. मी हो म्हणून मोकळा व्हायचो. समजावून सांगायला त्राण कुणाला होतं? दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात. माझी मुंगी वाटेतच बसली होती.

तसल्याच फुगलेल्या तोंडांवरून आम्ही तिघांनी एसटी स्टँडवर एकमेकांना ओळखलं. आखातातून परतलेले तुडीलचे चाचा, पोलादपूरची एक सून आणि मी. तपासणीला आम्ही मुंबईची एकच गाडी धरू लागलो. 'कसे आहात' असं आमच्यात कुणी विचारत नसे. विचारायचं ते मूत्रपिंड देणाऱ्याबद्दल. चाचांना धाकट्या भावानं दिलं होतं, तिला आईनं, मला बहिणीनं. स्टँडच्या बाकावर तिघं बसलो की जगायचा कंटाळा जरा कमी व्हायचा, हे खरं.

रमजानात एकदा चाचा सुकल्या ओठांनी आले. पाणी भरपूर प्या, नाहीतर मिळालेलं मूत्रपिंड जाईल, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलेलं. मी चिडलो. "रोजा धरलात?"

"भाऊ एका मूत्रपिंडावर रोजा धरतो, मास्तर. त्याच्यासमोर मी कसा पिऊ? लाज वाटते."

"आजाऱ्याला माफी हाय, तुमीच सांगितलं होतं ना चाचा?" पोलादपूरची सून म्हणाली.

मला तर भांडायचाही वीट आला होता.

तिनं पिशवीतून तांब्या काढला, फुलपात्र भरून त्यांच्यापुढे धरलं. "रोजा तुमचा. पण आतली वस्तू भावाची हाय. तिला कशाला उपाशी ठेवता?"

"आधी तू पी गो."

"मला आता नाय चालत. आयनं दिलेलं टिकत नाय, गेल्या खेपेला डॉक्टर बोलले. आता पयल्यासारखं पुन्ना पाणी मोजून प्यायचं, नायतर अंगात साठतं." मग हळूच म्हणाली, "आयला अजून सांगितलं नाय."



स्टँडवर तुडीलची माणसं होती. त्यांच्या देखत चाचांनी फुलपात्र तोंडाला लावलं. तिनं पुन्हा भरलं, ते पुन्हा प्यायले. पाणी उतरत होतं त्या घशाकडे ती बघत राहिली.