कोरड्या नाकाला पुरस्कार नाही

टीव्ही आमचा, सोफा आमचा, विजेचं बिल आमचं. मत मात्र तुळजाबाईंचं. लकडगंजात आमच्या भिंतीला भिंत लावून त्या राहतात. त्यांच्या घरीही टीव्ही आहे, पण त्यावर त्यांच्या मुलाचं, हेमराजचं, क्रिकेट चालू असतं. म्हणून सिनेमे आणि पुरस्कारांचे सोहळे बघायला तुळजाबाई आमच्याकडे येतात. पदरात भुईमुगाच्या शेंगा आणतात आणि टरफलं आमच्या सोफ्याच्या फटीत ठेवून जातात.

मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. सिनेमातलं मला कळतं असा माझा समज आहे आणि तो मी मोठ्या कष्टानं जपलाय. पटकथा, छायाचित्रण, संयत अभिनय असे शब्द मी अधूनमधून टाकतो. तुळजाबाई शांतपणे शेंग फोडतात. परवा एक युद्धपट लागला होता. सगळ्या देशानं डोक्यावर घेतलेला. मी त्यातल्या भव्यतेबद्दल बोलायला सुरुवात केली, तर म्हणाल्या, "शरदभाऊ, हा राजा लढते कधी? मघापासून नुसते केस उडवून राहिला."

आता मला तो सिनेमा आठवला की केसच आठवतात.

गाण्यांचंही तेच. त्यांची नात ऋतुजा नवे नवे अल्बम मोबाइलवर लावून त्यांच्या कानात घालते. एका नामांकित गायकाचा ताजा अल्बम ऐकून आजीनं विचारलं, "याच्या आवाजाले इस्त्री कोनं केली वं? एक चुणी नाही राहू देली." दुसऱ्या कुठल्याशा नवख्या मुलीचं गाणं मात्र त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "हिचा श्वास ऐकू येते. जित्ती आहे बिचारी."

पण त्यांची खरी कडक परीक्षा अभिनयाची. तुळजाबाई मूळच्या उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या. लहानपणी दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या आणि दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की कुहीकडे मामाच्या गावी नाटकं बघायला जायच्या. तिथं एक नटी होती. ती रडायला लागली की तिचं नाक वाहायचं. पदरानं ते पुसून ती पुढचं गाणं म्हणायची. तेव्हापासून तुळजाबाईंचा कायदा ठरलेला आहे, नाक वाहिलं तर रडणं खरं. "डोयातलं पाणी बाटलीतून येते म्हन्तात," असं त्या मला समजावतात, "पण नाकातलं कोन्या बाटलीतून आनन गा?"

या बाईनं माझा सिनेमा नासवला. पडद्यावरची आई मेलेल्या लेकराला कवटाळून हंबरडा फोडत असते आणि मी तिचं नाक न्याहाळत असतो. कोरडं ठणठणीत!

तुळजाबाईंचा स्वतःचा पुरस्कारही आहे. निळ्या काठाचा पांढरा रुमाल. टीव्हीवर सोहळा संपला की त्या तो कमरेतून काढतात, आमच्यासमोर झटकतात, "यंदाही कोनाले नाही," असं जाहीर करतात आणि परत खोचतात. वर्षानुवर्षं कमरेला राहून पांढरा रुमाल पिवळट झाला, पण मिळाला कोणालाच नाही. लाकूड कापायच्या आरा मशीनवाले नत्थूजी भावाच्या तेराव्याला असे काही रडले होते की रुमाल त्यांना जाणार असं सगळ्या गल्लीला वाटलं. तुळजाबाईंनी जवळ जाऊन निरखलं आणि परत आल्या. "त्याले सर्दी आहे," म्हणाल्या.

तर या रुमालावर एक दिवस ऋतुजाचं सगळं येऊन अडलं.

ऋतुजा कॉलेजात एकांकिका करायची. पदवी झाली आणि पुण्याला अभिनय शिकवणाऱ्या एका संस्थेत तिची निवड झाली. पोरगी हवेत होती. हेमराजला ते अजिबात नको होतं. तो लाकडाच्या डेपोत कारकून आहे. मुलीनंही जवळपास नोकरी करावी, डोळ्यांसमोर राहावं, एवढंच त्याचं म्हणणं. पण नाही म्हणून वाईट कोण होणार? हेमराज वरून भोळा दिसतो, आतून पक्का बिलंदर. तो हसत म्हणाला, "तुह्या आजीनं रुमाल देला तर जा. मी स्टेशनवर सोडून देईन."

ऋतुजानं आमच्याच बैठकीत परीक्षा दिली. एका विधवेचा प्रसंग केला. केस सोडले, जमिनीवर लोळली, गाल भिजवले. मला तर हुंदका आला. तुळजाबाई चष्मा लावून पुढं वाकल्या, नातीची हनुवटी उजेडाकडे वळवली आणि म्हणाल्या, "डोये पास. नाक नापास."

ऋतुजा केस बांधत उठून गेली. मला तुळजाबाईंचा मनापासून राग आला. म्हटलं, अहो, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, नाकानं कांदे सोलायची ही वेळ आहे का? त्यांनी शेंग फोडली. पण ती खाल्ली नाही, हातातच धरून बसल्या.

पुढच्या रविवारी दुपारी टीव्हीवर पुरस्कारांचा सोहळा पुन्हा दाखवत होते. आम्ही उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेऊन बसलो होतो. ऋतुजा आली, खाली बसली आणि शेंगा सोलायला लागली.

"आजी, पुण्याले नाही म्हनून कळवलं मी."

तुळजाबाईंनी टीव्हीवरची नजर काढली नाही. "काहून?"

"तू बरोबर बोलली. मले नाही येत." तिनं दाणे तोंडात टाकले. "मीठ कमी पडलं वं यात. बाबाच्या डेपोत बिलं बनवायले पोट्टी पाहिजे. उद्यापासून जाईन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, आवाज वाढवा ना थोडा."

बस. ना उसासा, ना डोळ्यांत पाणी. शेंग सोलायची, खायची, टरफल ताटात टाकायचं. तेवढ्यात हेमराज संत्रा बर्फीचा डबा घेऊन हजर. चेहऱ्यावर दिवाळी. त्यानं एक वडी माझ्या हातावर ठेवली. ती मी हळूच ताटाच्या कडेला ठेवली.

"बर्फी कायची गा?" तुळजाबाई अशा काही ओरडल्या की हेमराज डब्यासकट मागं सरला. "पोट्टीचं मन मारलं त्याची?"

"आई, तूच तर नापास केलं तिले!"

"मी नाकाले नापास केलं! पाय बांध म्हटलं होतं का तिचे?" आणि त्यांचा आवाज फुटला. "मले काय मालूम ती माह्या बोलन्यावर घरी बसन! मी मेली कायले बोलली..."

तुळजाबाई रडत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. लहान मुलासारखं, तोंड उघडं टाकून, पदरबिदर विसरून. ऋतुजानं शेंग खाली ठेवली, सरकत त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आजी, नाक."

त्यांनी बोटानं चाचपलं. नाक धो धो वाहत होतं.

"मी कुठंच कळवलं नाही," ऋतुजा म्हणाली. "बाबाले बी खोटंच सांगितलं. माहं नाक आजही कोरडंच आहे, आजी. पण तुहं वाहून राहिलं. आता सांग, रुमाल कोनाचा?"

टीव्हीवर कोणीतरी नटी पुरस्कार छातीशी धरून आईवडिलांचे आभार मानत होती. आमच्याकडे तिला कोणी विचारत नव्हतं. तुळजाबाईंनी कमरेतून रुमाल काढला. मला वाटलं, आता पोरीला एक थोबाडीत बसणार. त्यांनी त्यात जोरात नाक शिंकरलं, नीट घडी घातली आणि तो नातीच्या हातावर ठेवला.

"घे. धुऊन घेजो."

"पण आई," हेमराज कळवळला, "नाक तर तिचं वाहिलंच नाही. नियम..."

"नियम माहा होय. तू बर्फी वाट."

हेमराजनं मुकाट्यानं डबा फिरवला, आणि या वेळी मी वडी तोंडात टाकली. माझंही नाक वाहत होतं आणि मला सर्दी नव्हती. रुमाल एकच होता, तो पुण्याला चालला होता. मी बाहीला पुसलं.