रागाचं पान

मुर्रीच्या अंगणवाडीत मी पोरं सांभाळते, आणि माझी एक वाईट खोड आहे. चार माणसं जमली की आपल्या पोरांचं कौतुक मिरवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आमच्याकडे चित्रांचं एक पुस्तक होतं. एका पानावर हसरं अस्वल, एकावर रडकं, एकावर रागावलेलं. मी पान उघडायचं आणि पोरांनी तसं वागून दाखवायचं, असा खेळ. चार वर्षांची एक पोर माझ्याशी कधी तोंडच उघडायची नाही. पण रागाचं पान आलं की उठायची, पाय आपटायची, आणि मग दिवसभर मोकळी खेळायची. मला केवढा आनंद! वाटलं, जमलं बुवा आपल्याला.

झालं, पालकांच्या सभेत मी हाच खेळ ठेवला. धानाची रोवणी आटोपली होती, म्हणून बापेही आले होते. मी रागाचं पान उघडलं आणि तिलाच पुढे केलं. तिनं मांडीवर रिकामं सूप घेतलं आणि आईसारख्या बिड्या वळू लागली. सगळे हसले. मग ती उठली, जाड आवाजात ओरडली, "काऊन रडून राहिली? चूप!" सूप लाथेनं उडवलं आणि खेळण्यांतली एक बाहुली उचलून तिचं तोंड हातानं दाबून धरलं. बराच वेळ सोडलंच नाही.

"हुबेहूब!" कोणीतरी म्हणालं. लोक हसतच होते. मी टाळ्या वाजवल्या. हो, मीच. मागे भिंतीशी उभ्या तिच्या आईनं पदर तोंडावर ओढला. बाप उठून चालता झाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, पण आता काय उपयोग?

आठ दिवस पोर आली नाही. दोनदा घरी गेले, तर आई दारातूनच म्हणाली, "ताप हाये, बाई." मी आमच्या पर्यवेक्षिका बाईंना सगळं सांगितलं, त्या जाऊन बापाला समज देऊन आल्या. मला रात्री जेवण गोड लागेना.

नवव्या दिवशी ती आली. कानामागे काळंनिळं दिसत होतं. मी तिला जवळ घेतलं, पुस्तक उघडलं, रागाच्या पानाशी आले. तिनं अस्वलाच्या तोंडावर तळहात ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"हे पान नोको, बाई. तू सगळ्यायले दाखवतेस."